वाचकांचे प्रश्न : स्वतः शिकणाऱ्यांसाठी ऑनलाइन सोबत

अलीकडे या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक विषय सातत्याने दिसतो. नोकरी, घर किंवा कॉलेज सांभाळून इंटरनेटच्या आधारे स्वतः काही शिकायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी आणि एवढ्या साधनांच्या गर्दीत टिकून कसे राहावे, असे वाचक विचारत आहेत. मुंबईतून आलेल्या काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी विक्रोळीला राहतो आणि अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. वय ४३. एक्सेल चांगले येते, आता पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी असे वाटते. गेल्या वर्षभरात चार ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाव नोंदवले. एकही पूर्ण झाला नाही. 'नंतर पाहू' म्हणून साठवलेले व्हिडिओ शंभराच्या वर गेले आहेत. माझ्यात चिकाटी नाही, की पद्धत चुकते आहे?

उत्तर : चिकाटीविषयी निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी यांनी २०१२-१३ या पहिल्या वर्षात चालवलेल्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी स्वतःच प्रसिद्ध केली होती. एकूण ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या आणि त्यांपैकी ४३,१९६ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचल्या, म्हणजे शंभरात साधारण पाच. जवळपास २ लाख ९३ हजार नोंदण्यांच्या बाबतीत तर अभ्यासाचे साहित्य एकदाही उघडले गेले नाही. त्याच आकडेवारीतील आणखी एक नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते : सुमारे ३६ हजार जणांनी निम्मे किंवा त्याहून अधिक साहित्य पाहिले आणि तरीही प्रमाणपत्र घेतले नाही. त्यांतील अनेक जण आपल्याला हवा तेवढा भाग शिकून पुढे गेले असावेत, असे मानायला जागा आहे. अर्धवट सोडलेला अभ्यासक्रम वाया गेला की सार्थकी लागला, हे आपण त्यात काय शोधायला गेलो होतो यावर ठरते. आणि तुमच्या पत्रात नेमका तोच उल्लेख नाही. 'पायथॉन शिकावे' ही इच्छा झाली, प्रश्न अजून ठरलेला नाही.

प्रश्न तुमच्या टेबलावरच असणार. दर महिन्याला खरेदीच्या नोंदींचा ताळमेळ जीएसटीआर-२बी या, पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी विवरणाशी घालावा लागतो. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक दोन्हीकडे तोच असला, तरी बिलाचा क्रमांक एकीकडे तिरप्या रेघेसह आणि दुसरीकडे सुरुवातीची शून्ये गाळून लिहिलेला असतो, आणि मग एक्सेलचे व्हीलुकअप हे जुळवणीचे सूत्र तेथे अडते. 'या दोन याद्या जुळवायच्या आणि न जुळलेली बिले वेगळ्या पानावर काढायची' एवढा एकच प्रश्न पुढील दोन-तीन महिन्यांसाठी घ्या. त्यासाठी फाइल वाचणे, मजकूर स्वच्छ करणे, पांडाज या लायब्ररीच्या (पायथॉनमधील तयार कोडच्या संचाच्या) मदतीने दोन तक्ते जोडणे आणि निकाल पुन्हा एक्सेलमध्ये लिहिणे इतकेच शिकावे लागेल. मशीन लर्निंगसारखे विषय तोवर बाजूला राहिले, तरी काही बिघडत नाही. पायथॉन लिहून चालवून पाहण्याची गूगल कोलॅब ही सोय ब्राउझरमध्येच चालत असल्यामुळे संगणकावर काही बसवण्याचीही गरज नाही. मात्र कंपनीची खरी बिले तेथे चढवू नका, दहा-वीस ओळींची काल्पनिक यादी तयार करून तिच्यावर सराव करा.

साधन निवडताना तुमच्या घराजवळच्या पवईकडे आधी पाहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्या पडद्यावर आपले काम, अशा रीतीने थांबत थांबत करून पाहण्यासाठीच ते रचलेले आहेत आणि त्यांतील अनेक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. अधिक खोलात जायचे असेल, तर आयआयटींनी आणि भारतीय विज्ञान संस्थेने मिळून उभारलेल्या एनपीटीईएलवर पूर्ण अभ्यासक्रम आहेत. साठवलेल्या शंभर व्हिडिओंपैकी तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारे चार-पाच ठेवा आणि उरलेली यादी पुसून टाका. लागेल तेव्हा ते पुन्हा सापडतात. यूट्यूबवरील पाहण्याचा इतिहास बंद करून साफ केला, तर मुखपृष्ठावर येणाऱ्या शिफारशी थांबतात आणि आपण ज्या कामासाठी आलो, ते काम हातातून निसटत नाही.

व्हिडिओ पाहून झाल्यावर तो बंद करा आणि आठवेल तेवढे कागदावर लिहा. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा पाहताना 'हे मला येते' असे वाटते आणि त्या वाटण्यावरच आपण फसतो. उजळणीसाठी अँकी हे अ‍ॅप संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर मोफत मिळते. आपण लिहिलेले प्रश्न ते वाढत्या अंतराने समोर आणते. घाटकोपरला लोकल सोडून मेट्रोची वाट पाहताना आणि मेट्रोत उभे असताना तेवढी उजळणी होऊ शकते. नवा विषय समजून घेणे किंवा कोड लिहिणे त्या गर्दीत होत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा बसून तास-दीड तास काढावाच लागेल.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. तुम्ही वर्षभर एकटेच शिकत होता. चार अभ्यासक्रम आणि शंभर व्हिडिओ, पण तुमचे अर्धेमुर्धे काम पाहिलेली एकही व्यक्ती पत्रात दिसत नाही. काल्पनिक यादीवर चालणारा आणि अजून चुकणारा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवा. तो कोठे अडला, हे स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी किंवा पायथॉन शिकणाऱ्यांच्या एखाद्या गटात नेमके विचारा. लिंक्डइनवर लेखा क्षेत्रातील लोक हेच काम कसे करतात ते शोधा, आणि तुमची पद्धत तयार झाली की ती चार परिच्छेदांत मराठीत लिहून तेथेच ठेवा. तुमच्याच विभागातील एखादा सहकारी सोबत घेता आला, तर त्याहून चांगले. आपले कच्चे काम जाणकारांपुढे ठेवणे आणि त्यावर उत्तर मिळणे, या घटनेपासून समाजमाध्यमावरचे शिक्षण सुरू होते. त्याआधीचे सारे फार तर तयारी असते.

प्रश्न : मी मुलुंडला राहते. निवृत्त शिक्षिका आहे. झाडे, पक्षी, फुलपाखरे ओळखायला शिकण्याची फार इच्छा आहे. पुस्तके घेतली, पण समोर दिसलेला पक्षी पुस्तकातला कोणता, हे ठरवता येत नाही. मुलीने फेसबुकवरील निसर्गप्रेमींच्या एका गटात नाव घातले आहे. तेथे छायाचित्रे सुंदर असतात, पण 'छान', 'अप्रतिम' यांपलीकडे काही घडत नाही.

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण या विषयासाठी आज उपलब्ध असलेली साधने खरोखर उत्तम आहेत आणि शिकवण्याचा अनुभव असलेली व्यक्ती त्यांचा इतरांपेक्षा अधिक उपयोग करून घेऊ शकते.

आयनॅचरलिस्ट हे व्यासपीठ २००८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा प्रकल्प म्हणून सुरू केले. आपण काढलेले छायाचित्र ठिकाण आणि तारखेसह तेथे ठेवायचे आणि आपल्याला ते काय वाटते तेही लिहायचे. यंत्र काही नावे सुचवते. त्यानंतर जगभरातील जाणकार सहमती देतात किंवा दुरुस्ती करतात. तारीख, ठिकाण आणि छायाचित्र असलेल्या नोंदीवर किमान दोन जणांचे मत पडले आणि दोन तृतीयांशांहून अधिक मते एका प्रजातीवर जुळली, की ती संशोधनाच्या दर्जाची मानली जाते. पक्ष्यांपुरते बोलायचे, तर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे २००२ पासून चालणारे ईबर्ड आहे. त्यात एका फेरीत दिसलेल्या सर्व पक्ष्यांची यादी संख्येसह भरायची असते. यादीत त्या भागात सहसा न दिसणारा पक्षी असला, तर त्या प्रदेशाचे परीक्षक आपल्याला विचारणा करू शकतात. ही विचारणा म्हणजे अविश्वास नव्हे. तज्ज्ञाने आपल्या निरीक्षणाकडे लक्ष दिल्याची ती खूण आहे. याच प्रयोगशाळेचे मर्लिन हे अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवते. सकाळी खिडकीशी तांबट किंवा दयाळ बोलत असताना ते जरूर लावून पाहा, पण पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्याचे उत्तर अंतिम मानू नका.

फेसबुकच्या गटात काही घडत नाही, याचे कारण बहुधा तेथे छायाचित्राबरोबर प्रश्न मांडला जात नाही, हे असावे. एक उदाहरण घेऊ. ठाणे खाडी मुलुंडपासून दूर नाही. खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि तेथे मोठा व छोटा असे दोन्ही प्रकारचे रोहित (फ्लेमिंगो) येतात. छायाचित्राखाली 'आजचे रोहित' असे लिहिले, तर कौतुक मिळेल. 'डावीकडचा मला छोटा रोहित वाटतो, कारण त्याची चोच जवळजवळ पूर्ण गडद आहे; मागच्याची चोच गुलाबी असून फक्त टोक काळे आहे, म्हणून तो मोठा रोहित. हे निदान बरोबर आहे का?' असे लिहिले, तर गटातील जाणकाराला उत्तर देण्यासाठी काहीतरी हातात येते. आपण वर्गात मुलांना 'उत्तर का, ते सांग' असे म्हणत असालच. तीच शिस्त येथे आपल्या बाजूने पाळायची. आपले निदान चुकले, तर दुरुस्ती करणाऱ्याला आदराने विचारा की कोणत्या खुणेवरून त्यांनी ओळखले, आणि ती खूण वहीत उतरवून ठेवा. वर्षअखेरीस ही वही विकत घेतलेल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडेल, कारण तिच्यात मुलुंडचे पक्षी आणि आपल्या स्वतःच्या चुका असतील.

पडद्याबाहेरही माणसे आहेत. १८८३ पासून मुंबईत काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निसर्गफेऱ्यांना जरूर जा. ऑनलाइन ओळख झालेल्या निरीक्षकांची गाठ अनेकदा अशाच ठिकाणी पडते. मराठी संज्ञा आणि प्राणी-वनस्पतींवरील नोंदींसाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र पाळा. घराच्या गॅलरीतून काढलेल्या छायाचित्राचे ठिकाण आयनॅचरलिस्टवर अस्पष्ट ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. आणि घरट्याचे नेमके ठिकाण कोठेही जाहीर करू नका, कारण त्याने पक्ष्यांना खरोखर त्रास होतो.

प्रश्न : मी गिरगावात राहते, संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काही ऑनलाइन गटांत दोन वर्षांपासून आहे, पण एकदाही काही विचारले नाही. आपला प्रश्न बाळबोध ठरेल, इंग्रजी चुकेल, अशी भीती वाटते. नुसते वाचत राहणे चुकीचे आहे का?

उत्तर : चुकीचे मुळीच नाही. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये असे मांडले, की माणूस कोणत्याही कामकरी समूहात काठावरून शिरतो. तो आधी पाहतो, मग छोटी कामे करतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो. त्यांनी शिंपी, सुईणी यांसारख्या व्यवसायांत शिकणाऱ्यांकडे पाहून हे सांगितले होते आणि ऑनलाइन गटांनाही ते लागू पडते. दोन वर्षांच्या वाचनाने तुम्हाला त्या गटाची रीत कळली आहे. कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळते आणि कोणता तसाच राहतो, हे तुम्ही पाहिले आहे.

आता छोट्या कामाकडे वळा. प्रश्न विचारण्याआधी एखाद्या नव्या सदस्याच्या साध्या प्रश्नाचे उत्तर द्या. पहिल्या वर्षाच्या मुलाला मध्य आणि मध्यगा यांतील फरक समजावून सांगणे तुम्हाला सहज जमेल, आणि समजावताना आपले कच्चे दुवेही कळतील. त्यानंतर स्वतःचा प्रश्न विचारताना आपण काय करू पाहत होतो, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय आले, हे क्रमाने लिहा. असा प्रश्न बाळबोध ठरत नाही. त्यामागची मेहनत वाचणाऱ्याला दिसते. इंग्रजी साधे आणि तुटक असले तरी चालते. उत्तर मिळाल्यावर ते लागू पडले की नाही, हे परत येऊन जरूर सांगा, कारण बहुतेक जण तेवढे करत नाहीत आणि उत्तर देणाऱ्यांना त्याचेच वाईट वाटते. फोन नंबर अनोळखी लोकांना दिसू नये असे वाटत असेल, तर टेलिग्रामवर तो लपवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या गटात तो सर्व सदस्यांना दिसतो, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : बोरिवलीच्या आमच्या कॉलनीतील आम्ही काही जणी मिळून जर्मन शिकतो आहोत. व्हॉट्सअ‍ॅपचा गट केला, पण 'शुभ सकाळ' आणि पाककृतींखाली अभ्यास बुडून जातो. कोणाला बोलायचे तर वाईटपणा येतो.

उत्तर : गप्पांचा गट तसाच राहू द्या, त्यानेच तुमची सोबत टिकते. अभ्यासासाठी दुसरा गट काढा आणि त्याचा एकच नियम ठेवा : तेथे फक्त जर्मनमध्ये, बोलून पाठवायचे. रोज एकीने अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवावा आणि दुसरीने त्याला उत्तर द्यावे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत अभ्यासक्रम पायाभूत स्तरापासून आहेत, तेच सर्वांनी एका गतीने घेतल्यास बोलायला विषयही मिळतो. उच्चार तपासून घेण्यासाठी अधूनमधून काळा घोडा येथील मॅक्सम्युलर भवनात शिकलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला बोलवा.

प्रश्न : मी कुर्ल्याचा आहे. टेलिग्रामवर एक जण 'आठ दिवसांत डिजिटल मार्केटिंग, नोकरीची हमी' असा कोर्स विकतो आहे. निम्मी फी आजच भरायला सांगतो. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. नोकरीची हमी, आजच पैसे भरण्याची घाई आणि ओळख न सांगणारा विक्रेता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तेथून बाहेर पडावे. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीवर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. प्रमाणपत्र हवेच असेल, तर केंद्र सरकारच्या स्वयम या व्यासपीठावर शिकणे मोफत आहे. शुल्क लागते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच.

प्रश्न : मी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. औषधशास्त्राची उजळणी करते आहे. चॅटजीपीटीसारखे साधन रात्रपाळीनंतरही कंटाळा न करता समजावून सांगते. मग माणसांच्या गटात जाऊन शिकण्याची गरज उरते का?

उत्तर : या साधनाचा मोठा गुण तुम्ही अचूक ओळखला आहे. एकच गोष्ट पाच वेगवेगळ्या रीतींनी, मराठीतही, कोणत्याही वेळी समजावून घेता येते. मी तर सुचवीन, की त्याला उत्तरे विचारण्याऐवजी प्रश्न विचारायला सांगा : 'बीटा ब्लॉकर या औषधगटावर मला एकेक प्रश्न विचार, माझे उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.' असा वापर आठवून लिहिण्याच्या सरावासारखाच फळ देतो. पण हे साधन चुकीची गोष्टही तितक्याच सफाईने सांगते, आणि अस्तित्वात नसलेले संदर्भ खऱ्यासारखे देते. मात्रा, औषधांची परस्परक्रिया, द्रावण किती पातळ करायचे, यांपैकी काहीही त्याच्या भरवशावर लक्षात ठेवू नका. ते भारतीय औषधसंहिता आयोगाच्या नॅशनल फॉर्म्युलरी या औषधांच्या संदर्भग्रंथात, औषधाच्या वेष्टनातील पत्रकात आणि तुमच्या रुग्णालयाच्या फार्मासिस्टकडे तपासूनच वहीत घ्या.

माणसांच्या गटाची गरज वेगळ्या कारणासाठी आहे. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. फी भरलेले विद्यार्थी सुमारे २५ होते आणि ऑनलाइन सामील झालेले दोन हजारांहून अधिक. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी लिहायचे, एकमेकांच्या लिखाणाला जोडून घ्यायचे आणि त्या जोडण्यांतून शिकायचे, अशी त्यांची कल्पना होती. तुमच्या कामाला ती नेमकी लागू पडते. यंत्र तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. वीस वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेली ज्येष्ठ परिचारिका तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाकडे लक्ष वेधते : इन्फ्यूजन पंपाचा आकडा बरोबर असूनही नळी कोठे मुडपली आहे, ते पाहिलेस का? असे प्रश्न सुचण्यासाठी त्या खाटेशेजारी उभे राहिलेले असावे लागते. म्हणून आपल्या विभागातील तीन-चार जणींचा लहान गट करा. आठवड्यातून एका औषधगटावर एकीने पानभर टिपण लिहावे आणि इतरांनी त्यात चुका शोधाव्यात. टिपणाचा कच्चा मसुदा यंत्राकडून तपासून घेण्यास हरकत नाही. शेवटचा शब्द मात्र गटातील ज्येष्ठ सहकाऱ्याचा आणि छापील संदर्भाचा असावा.

रुग्णाचे नाव, केसपेपरचे छायाचित्र, खाटेचा क्रमांक किंवा ज्यावरून व्यक्ती ओळखता येईल असा कोणताही तपशील ना यंत्राला द्या, ना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाका, मग तो गट फक्त परिचारिकांचा का असेना. वय आणि तारीख बदलून, आजार आणि औषध तेवढे ठेवून प्रश्न मांडता येतो, आणि अभ्यासासाठी तेवढी माहिती पुरते.